दादाच्या वतीने

सकाळचा उजेड आमच्या खोलीत एकदम येत नाही. आधी समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीची कड उजळते. मग तिथून निसटलेली एक फिकट पट्टी आमच्या खिडकीच्या गजांवर येऊन टेकते आणि आत यावं की नाही, अशा संकोचात बराच वेळ तिथेच रेंगाळते. नंतर ती जमिनीवर उतरते. फरशीतली जुनी भेग ओलांडते, टेबलाच्या पायाशी दुमडते, औषधांच्या बाटल्यांतून जाताना तपकिरी होते आणि पलंगाची कड चढून दादाच्या पांघरुणावर पसरते. पांघरुणावरून त्याच्या हातावर, हातावरून गळ्यापाशी. ती चेहऱ्याजवळ पोचली, की दादा भिंतीकडे कूस बदलत असे. मी चहाचा कप धरून हे सारं रोज पाहत असे, आणि एवढ्या संथपणाचा मला कधी कंटाळा आला नाही.

ही खोली तिसऱ्या मजल्यावर असली, तरी आम्ही ती या उजेडासाठी धरून ठेवली आहे, असं मी सर्वांना सांगत असे. पालक-कचेरीलाही तेच सांगितलं होतं.

माझा थोरला भाऊ इमारती रंगवायचा. एकदा तो परांचीवरून पडला, डोक्याला मार लागला, आणि वाचला. त्याला नुकसानभरपाई मिळाली. पण स्वतःचे व्यवहार त्याला पाहता येणार नाहीत असं ठरल्यामुळे ती रक्कम सरकारच्या एका कार्यालयाकडे सोपवण्यात आली. अशा माणसांचा पैसा ते कार्यालय सांभाळतं. त्यातून भाडं भरतं, औषधपाणी पाहतं, आणि वर्षाकाठी माणूस पाठवून आणखी काय हवं ते विचारतं. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. घरात आम्ही त्याला पालक-कचेरी म्हणत असू. आम्ही, म्हणजे मी.

इतकी वर्षं तिथून जे साहेब येत, ते जिने चढून आले की पहिल्यांदा त्यांचीच शुश्रूषा करावी लागे. पंख्याखाली बसून, रुमालाने मान पुसत ते विचारत, "काय, ठीक ना सगळं?" प्रश्न दादाला असे आणि नजर माझ्याकडे.

"ठीक आहे, साहेब."

"आणखी काही हवंय का त्यांना?"

"नाही साहेब. त्याला इथे आवडतं. उजेड छान येतो."

"वा! उजेड असला की निम्मं दुखणं पळतं," असं म्हणून साहेब बशीत चहा ओतत.

खरं तर बोलणं हे आमच्यात दादाचं काम. लहानपणी दुकानदाराने नुसतं "काय रे?" विचारलं, तरी माझी जीभ टाळूला चिकटायची. मग मागून दादाचा आवाज यायचा, "आमच्या मुक्याला एक पेन्सिल द्या. आणि टोक बघून द्या हो, मोडकी निघाली तरी हा गप्प बसेल." त्याची टकळी आंघोळ करतानाही चालू असे. अपघातानंतर मात्र शब्द त्याच्यापर्यंत उशिरा पोचू लागले, आणि त्या रिकाम्या जागेत मी बोलू लागलो. डॉक्टरांशी, औषधवाल्याशी, घरमालकाशी. माझा आवाज मला प्रथमच बरा वाटू लागला. माझी बहुतेक वाक्यं 'दादा म्हणतो' अशी सुरू होत, आणि ती म्हणताना मला कुणाचीही भीती वाटत नसे.

यंदा साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक बाई आल्या. मी पंख्याखाली खुर्ची ठेवली होती. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि पलंगाला लागून बसल्या.

"नमस्कार. मी कचेरीतून आलेय. तुम्हाला सगळे दादा म्हणतात ना? मीही म्हणू का? म्हणजे वयाने मीच थोरली असेन."

"चालेल ना," मी म्हणालो.

"त्यांना विचारलं मी," बाई हसल्या.

दादाच्या ओठाचा एक कोपरा हलला. मी चहा ठेवायला ओट्याकडे वळलो.

"दादा, ही खोली कशी वाटते तुम्हाला?"

"आवडते त्याला. सकाळचा उजेड—"

"थांबा जरा."

आणि त्या थांबल्या. नुसत्या बसून राहिल्या, हात मांडीवर ठेवून. नळाचा थेंब पडला. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करण्यासाठी पुन्हा पुन्हा लाथा मारत होतं. ती शांतता मला सोसवेना. परीक्षेत शेजारच्याला उत्तर आठवत नसावं आणि आपल्याला ते पाठ असावं, तसा माझा जीव वरखाली होऊ लागला.

"बाई, त्याला असे प्रश्न झेपत नाहीत. मी सांगतो ना."

"मला घाई नाही. तुम्हाला आहे?"

दादाचा जबडा हलला. गळ्यात काहीतरी वर आलं, अडलं, पुन्हा वर आलं.

"उजेड," तो म्हणाला.

"बघा! म्हटलं नव्हतं मी?"

बाईंनी माझ्याकडे न पाहता फक्त एक बोट वर केलं.

"उजेड... डोळ्यांत... जातो." मग बऱ्याच वेळाने, "टोचतो."

"रोज?"

"रोज."

"मग भावाला बोलला नाहीत कधी?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. दुकानाच्या फळीपाशी मी अडखळलो, की तो असाच पाहायचा.

"मुक्याची... टकळी... थांबेल... तेव्हा ना."

बाई खळखळून हसल्या. मीही हसलो. मागे चहा उतू जात होता.

"काय केलं तर बरं वाटेल तुम्हाला?"

"खाली." पुन्हा ती वाट पाहणं. "जिना... नको."

"तळमजल्याची खोली बघू. पैसा तुमचाच आहे, त्यासाठीच तर ठेवलाय. दिवसा मदतीला माणूसही ठेवता येईल." बाई किंचित पुढे झुकल्या. "राहायचं कसं मग? भावाबरोबर, की वेगळं?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. बरोबरच, हा काय प्रश्न झाला? दादाला माझ्याशिवाय घासही उतरत नाही. इतका सोपा शब्द मी आयुष्यात कधी इतक्या कष्टाने गिळला नव्हता. त्याच्याशिवाय मी कुणाच्या वतीने बोलणार होतो? दादाने या वेळी सर्वांत जास्त वेळ घेतला. शेवटी त्याने पांघरुणावरचा हात माझ्या दिशेने थोडासा उचलला.

"ह्याला... आता... सुट्टी... द्या."

बाईंनी ते लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात दोन माणसं घेऊन येते, खुर्चीत बसवून खाली नेऊ, दोन-तीन खोल्या दाखवू, निवड तुमची, असं त्यांनी दादाला सांगितलं.

बाई चपला घालत असताना मी दाराशी गेलो. "बाई, आज त्याचा दिवस चांगला होता. एरवी तो इतकं बोलत नाही. तुम्ही नवीन, म्हणून कदाचित..."

"असेल," बाई म्हणाल्या आणि कठड्याला धरून जिना उतरू लागल्या.

ते 'असेल' मी दिवसभर उराशी धरून राहिलो. आजचा दिवस वेगळा होता. बाई वेगळ्या होत्या. अंथरुणावर पडल्यावरही मी स्वतःला तेच समजावत होतो.

दुसऱ्या दिवशी टाकीची कड उजळण्याआधी मी उठलो आणि खिडकीला जाड चादर बांधली. पट्टी गजांपर्यंत आली असेल, मला दिसली नाही. दादाने कूस बदलली नाही. अंधुक खोलीत तो डोळे उघडे ठेवून, छताकडे पाहत पडला होता. त्या वेळी तो जागा असतो, हेही मला ठाऊक नव्हतं.

"चहा देऊ, की आधी तोंड धुतोस?" मी विचारलं आणि रोजच्यासारखं पातेल्याकडे वळलो. "चहाच ना?"

मग पातेलं तसंच ठेवून मी बाईंच्या स्टुलावर जाऊन बसलो. नळाचा थेंब पडला. पुन्हा पडला.

"तोंड," दादा म्हणाला. "चहा... मागून."

खोलीत बाई नव्हत्या. दिवस रोजचाच होता. दादाला पहिल्यापासून बोलता येत होतं. मी थांबत नव्हतो.