शिट्टी वाजली, तरी बास्केट धरली

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. मित्रांनो, दिसायला मी अंगठ्याएवढी, पण तोरा केवढा! मी वाजले की दहाही खेळाडू थबकणार. बास्केटबॉलच्या मैदानाची मालकीण मीच, असं मला वाटायचं.

गुरुप्रसाद सरांनी मला वीस वर्षं गळ्यात मिरवलं. ते निवृत्त झाले आणि मी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर लटकले. खाऱ्या वाऱ्याने अंग हिरवं पडलं. कुणी ढुंकून पाहीना! शेवटी त्यांची विद्यार्थिनी गौरजा पंच झाली, तिने मला मागून घेतलं आणि आमसुलाने घासून लख्ख केलं.

तिचा पहिलाच अंतिम सामना तिच्याच गावात, शिरोड्यात होता. शिरोडा आणि ओरोसच्या मुलींमध्ये. शिरोडा एका गुणाने पुढे, शेवटची दोन सेकंदं. ओरोसच्या दिव्या नावाच्या खेळाडूने चेंडू बास्केटकडे फेकला. तो हवेत असतानाच कडेच्या माडावरून नारळ सुटला, थेट मैदानाकडे! सामन्याआधी सगळ्यांनी आपापल्या माडांवरचे नारळ पाडून घेतले होते. फक्त या माडाचे मालक, गौरजाचे वडील भिकाजी म्हणाले होते, "आठ दिसांनी बघूया."

गौरजाने जीव खाऊन मला फुंकलं. मुली मागे सरल्या, नारळ धप्पकन पडला. आणि चेंडू अलगद जाळीतून खाली आला.

झाला की गोंधळ! सगळ्यांत मोठा आवाज भिकाजींचा. "शिटी वाजली, मगे बास्केट खंयची? गो, तू आमची की तेंची?"

गौरजाने मला तोंडातून काढलं. बास्केट दिली, तर तिला गावात मान खाली घालून फिरावं लागणार होतं. पण तिचा आवाज खणखणीत निघाला. "चेंडू आधी हातातून सुटला, शिट्टी नंतर वाजली. हवेतला चेंडू शिट्टीने मरत नाही. नियमाप्रमाणे बास्केट धरली आहे. ओरोसला दोन गुण!"

शिरोड्याच्या प्रशिक्षक नर्मदाबाईंनी नियमपुस्तक उघडलं, बोट ठेवून वाचलं आणि मान डोलावली. "बरोबर आसा."

उरलेल्या सेकंदभरात काही घडलं नाही. शिरोडा हरला. ओरोसच्या मुली नाचल्या, आणि नियम पटला तसं हळूहळू सगळं शिरोडा गाव गौरजासाठी टाळ्या वाजवू लागलं. भिकाजी तर बाकावर चढून, लेकीकडे बोट दाखवत ओरडले, "माझ्या चेडवान गावाक हरवल्यान, पण खरा ता केल्यान!" काय सांगू, माझा ऊर भरून आला.

म्हणून मित्रांनो, मला पुसून कोरडी ठेवा. उगाच फुंकू नका. आणि मी कितीही जोरात वाजले, तरी मला नियमापेक्षा मोठी समजू नका. मी स्वतःला तसं समजत होते. आता समजत नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे.