जान्या कुणाच्या वाट्याला

तुळशीदासने काथ्याची दोरी रामफळाच्या बुंध्याला बांधली, दुसरं टोक हातात घेऊन तो विहिरीपर्यंत चालत गेला आणि तिथून ती ताणली. केळींच्या मधून दोरी सरळ गेली आणि जान्याच्या खोपटाच्या कुडाला अलीकडून घासून पुढे आली.

"खोपट माझ्या बाजूला येतंय," पलीकडून सुधाकर म्हणाला.

"खोपट घे. जान्या मिळणार नाही."

वसईजवळच्या गिरीजची ती वाडी दोघा भावांत वाटली जात होती. विहीर सामाईक, माड निम्मे निम्मे, घर थोरल्याला आणि रस्त्याकडचा तुकडा धाकट्याला, इथवर सगळं गोडीगुलाबीनं पार पडलं होतं. नायगावला नवा फ्लॅट घेतलेला सुधाकर मोठ्या मनानं वागला, असं तुळशीदासची बायको चंद्रकांताही म्हणाली होती, आणि ती दिराचं कौतुक सहसा करत नसे. घोडं अडलं ते जान्यापाशी.

जान्या वाडीतला म्हातारा गडी. दोघांनाही अंगाखांद्यावर खेळवलेला. त्याच्याशिवायची वाडी दोघांपैकी एकानंही पाहिली नव्हती. आमचा जान्या म्हणजे घरातलाच, असं दोघंही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

ओटीच्या पायरीवर तुळशीदासची मुलगी ऋतिका दुसऱ्या दिवशीच्या इतिहासाच्या पेपरसाठी मोठ्यानं वाचत बसली होती. कानावर आवाज पडला तरच अभ्यास चाललाय, असा तिच्या वडिलांचा ठाम समज होता.

"अमेरिकेच्या उत्तरेत कारखाने होते, दक्षिणेत कापसाचे मळे. मळे गुलामांच्या जिवावर चालत. देशात नवीन प्रांत सामील झाला, की तिथे गुलाम असावेत की नसावेत यावरून भांडण पेटे. शेवटी नकाशावर एक रेघ ठरवली. रेघेच्या खाली गुलाम, वर नाहीत."

"मग मिटलं," सुधाकर म्हणाला.

"कुठलं मिटतंय, काका. पुढे युद्धच झालं. एकाच देशातले लोक एकमेकांवर उठले."

"अमेरिकेत?" तुळशीदासला पटेना. "एवढी पुढारलेली माणसं, आणि गुलाम ठेवायची?"

"मळेवाले म्हणायचे, आमचे लोक सुखात आहेत. आम्ही त्यांना घरच्यासारखं सांभाळतो."

"लाज नाही वाटली बोलायला," तुळशीदास म्हणाला आणि पुन्हा दोरीकडे वळला.

"मी त्याला बाल्कनीत खाट टाकून देतो," सुधाकरनं मूळ मुद्दा काढला. "टीव्ही बघेल, बसून खाईल."

"तिसऱ्या मजल्यावर? मातीत पाय नसला तर त्याला झोप लागत नाही."

"म्हणून तू या वयातही त्याला पाटाच्या पाण्याला लावतोस!"

"मी लावतो? तो ऐकतो का माझं?" तुळशीदासचा आवाज चढला. "भोपळा बांधून मला ह्या विहिरीत पोहायला कुणी शिकवलं?"

"आणि गोवर आला तेव्हा मला खांद्यावर घालून वसईला डॉक्टरकडे कुणी नेलं? आई सांगायची, अख्खी वाट रडत गेला होता तो."

पन्नाशी उलटलेली दोन माणसं भोवऱ्यावरून भांडणाऱ्या पोरांसारखी विहिरीपाशी उभी होती. तुळशीदासनं हातातली दोरी टाकली.

"मग राहू दे वाटणी. जा कोर्टात."

"जातो!"

चंद्रकांता ओल्या हातांनी बाहेर आली. वडील गेले तेव्हाही या घरात कुणी कोर्टाचं नाव काढलं नव्हतं. तिला रडूच आलं.

ऋतिकानं पुस्तक मिटलं.

"त्यांना विचारलंत का?"

"कुणाला?"

"जान्याआजाला."

कुणीच विचारलं नव्हतं. सुधाकर ओशाळून हसला आणि त्यानंच हाक मारली. जान्या केळींतून आला. पाय चिखलानं भरलेले म्हणून तो पायरीच्या खालीच उभा राहिला.

"तूच सांग, जान्या," तुळशीदास म्हणाला. "इथे राहतोस, की सुधाकरकडे जातोस? मनातलं बोल. कुणी रागावणार नाही."

जान्यानं आधी थोरल्याकडे, मग धाकट्याकडे पाहिलं.

"चांदीपला भाऊ हाय माजा. त्याची पोरा बोलवतात."

"जाऊन ये की. दिवाळीला जातोसच."

"तसा नाय. ऱ्हायला."

दोघांनाही सारखंच लागलं होतं.

"आमचं काही चुकलं का रे?" सुधाकरनं विचारलं.

"नाय, शेट! तुमी तं माजी पोरा." जान्यानं त्याच्या दंडावर हात ठेवला आणि चिखल लागला म्हणून लगेच पुसला. मग तो घुटमळला. "येक इचारायचा व्हता. माजा लगीन फिटला का?"

आधी कुणालाच कळलं नाही. मग तुळशीदासला कळलं. त्याच्या वडिलांनी जान्याचं लग्न लावून दिलं होतं, आणि त्या खर्चाच्या बदल्यात जान्या वाडीत राबायला आला होता. लग्नगडी म्हणत अशा माणसाला. पुढे जान्याची बायको गेली, वडीलही गेले. असे गडी ठेवायला सरकारनं बंदी घातली, ते तुळशीदासनं पेपरात वाचलं होतं, चांगलं झालं असंही म्हटलं होतं. ते आपल्या जान्याबद्दल असेल, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. जान्या मायेपोटी राहिला असं धरूनच दोघं लहानाचे मोठे झाले होते.

"फिटलं," तुळशीदास म्हणाला. "केव्हाच फिटलं रे."

जान्या हसला. बोळक्या तोंडानं, अगदी मनापासून. त्यानं दोघांना हात जोडले.

"कदी, शेट?" त्यानं विचारलं.