लाल काठाचं भूत

बारावं वरीस लागल्यापासून उर्जा घरात एकच हट्ट धरून बसली होती: यंदा हॅलोवीनला ओवीला मी नेणार, आणि एकटी नेणार. गेल्या वर्षीपर्यंत बाबा दहा पावलं मागून यायचे. गळ्यात मफलर, हातात छत्री, आणि मुली कुठल्याही दाराशी पोचल्या की आतल्या लोकांना लांबूनच हात करायचे. बारा वर्षांच्या मुलीची याहून मोठी शोभा होऊ शकत नाही, असं उर्जाचं ठाम मत होतं.

महिनाभर डोकं खाल्ल्यावर नीलिमा, म्हणजे आई, कबूल झाली. पण नुसतं हो म्हणेल तर ती आई कसली!

"आपल्या दोन गल्ल्या सोडून पुढे जायचं नाही. सातला घरी. आणि ओवीचा हात सोडायचा नाही. हात सुटला, तर पुढच्या वर्षीपासून परत बाबा. गेनाऊ?"

"गेनाऊ," उर्जाही जर्मनमधूनच 'अगदी बरोबर' म्हणाली. त्या क्षणी तिने कशालाही हो म्हटलं असतं.

ओवी पाच वर्षांची. तिला भूत व्हायचं होतं, आणि घरात एक साधी पांढरी चादर मिळेना, सगळ्या फुलाफुलांच्या. शेवटी कपाटातून बाबांचं पूजेचं धोतर निघालं, पांढरंशुभ्र, लाल काठाचं. "कापू नका हं!" स्वयंपाकघरातून बाबा ओरडले. आईने त्याच्या घड्या घातल्या, पिना मारल्या, चेहऱ्यापुरती फट ठेवली, आणि ओवीला आरशासमोर उभं केलं. त्यांचं वाल्डॉर्फ गावच काय, अख्ख्या जर्मनीत काठापदराचं भूत दुसरं नसेल.

जिन्यात आल्यावर उर्जाने आपली चेटकिणीची टोपी सारखी केली आणि स्वतःची एक अट घातली.

"ओवी, आज रस्त्यात मला ताई म्हणायचं नाही."

"का?"

"कारण मी सांगते म्हणून."

कारण वेगळं होतं, आणि ते पाच वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखं नव्हतं. मे महिन्यात आई ओवीला घेऊन शाळेच्या फाटकाशी आली होती, तेव्हा ओवी सगळ्या वर्गासमोर "ताऽऽई!" करत धावत सुटली. जर्मन लोक थाईला टाय म्हणतात, आणि जेवायला थाई हॉटेलात जायचं तर 'त्सुम टाय' जाऊ म्हणतात. झालं! तेव्हापासून वर्गातला एक पोरगा उर्जाला रोज विचारायचा, "आज काय, फ्राइड राइस?" आणि बाकीचे खिदळायचे. उर्जाने दोनदा समजावून सांगितलं, की मोठ्या बहिणीला आमच्यात नावाने हाक मारत नाहीत. त्यावर तर ते जास्तच हसले.

"मग काय म्हणू?" ओवीने विचारलं.

"उर्जा म्हण."

ओवीने धोतराच्या फटीतून तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिला शिवी द्यायला सांगितलंय. "मी काहीच म्हणणार नाही," ती म्हणाली.

गेल्याच रविवारी हिवाळ्यासाठी देशभरची घड्याळं तासभर मागे गेली होती, त्यामुळे साडेपाचलाच काळोख. घराघरांपुढे कोरलेले भोपळे पेटले होते, पोरांची झुंबड उडाली होती. दार उघडलं की सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "झ्यूसेस ओडर झाउरेस!" म्हणजे गोड द्या, नाहीतर आंबट भोगा. ओवीला ती धमकी काही पटेना. लोक आपणहून खाऊ देतायत, त्यांना दम कशाला द्यायचा? ती आपली दोन्ही हात पुढे करून म्हणायची, "झ्यूसेस, बिट्टे." त्या 'प्लीज'वर लोक असे विरघळायचे, की सहाव्या घरापर्यंत ओवीची पिशवी उर्जाच्या पिशवीच्या दुप्पट जड झाली. काठाचंही कौतुक होत होतं. एका आजोबांनी तर बायकोला मुद्दाम बाहेर बोलावून तो दाखवला. उर्जा मनात म्हणाली, बाबा मागे नसले की सगळं किती छान होतं.

पुढच्या एका घरात मात्र यंदा कोणी धुराचं मशीन आणलं होतं. अंगणभर धूर, आत कुठेतरी किंचाळ्यांची टेप, आणि फाटकाशी तीस-चाळीस पोरं. त्या गर्दीतून वर्गातली फ्रीडा पुढे आली, मागोमाग आणखी तिघी, आणि तो फ्राइड राइसवाला पोरगाही. उर्जाने त्यांना पाहिलं. मग आपल्या हातातल्या इवल्याशा हाताकडे पाहिलं. टोपी वाकडी झाल्यासारखी वाटली म्हणून तिने ती दोन्ही हातांनी सरळ केली.

टोपी वाकडी झालेली नव्हती. हे फक्त उर्जाला माहीत होतं.

फ्रीडाशी बोलणं जेमतेम मिनिटभर झालं असेल. उर्जा वळली तर शेजारी भूत होतं, पण ते बिनकाठाचं. पलीकडे आणखी दोन भुतं, तीही बिनकाठाची.

"ओवी?"

धुरात शिरून तिने एकेका भुताचा खांदा धरून फिरवला. एक रडायला लागलं. अंगणात नाही, फाटकाशी नाही, झुडपामागे नाही. पुढच्या चौकातून गाड्या जात होत्या. पुढच्या वर्षी बाबा येतील की कोण येईल, हा प्रश्नच तिच्या डोक्यातून गेला. बाबा आत्ता मागे असते तर किती बरं झालं असतं, एवढंच राहिलं. तिने आईला फोन लावला. आईची मीटिंग, फोन वाजून वाजून बंद झाला. बाबांचा लावला, तो एंगेज.

"ओवी! ओवीऽऽ!"

उत्तर नाही. आणि मग तिला कळलं, उत्तर का नाही. ओवी कुठेतरी उभी असेल आणि हाक मारत नसेल. कारण काय मारायची ते तिला माहीत नव्हतं. जो एक शब्द तिला येत होता, तो आपणच काढून घेतला होता. लाज वाटली उर्जाला, इतकी की कान तापले. ती फुटपाथवरच्या दगडी कुंडीवर चढली, आणि फ्रीडासमोर, त्या पोरासमोर, अख्ख्या गल्लीसमोर जीव खाऊन ओरडली,

"ओवी! ताई इथे आहे! ताई इथे आहे गं! ताऽऽई!"

किंचाळ्यांची टेपसुद्धा फिकी पडली. पोरं वळून बघायला लागली. समोरच्या घरातून एक म्हाताऱ्या बाई खाऊचं भांडं काखेत धरून लगबगीने फाटकाशी आल्या. पाटीवर नाव होतं बेंडर.

"तुलाही टायकडेच जायचंय का गं?" त्यांनी जर्मनमध्ये विचारलं.

"काय?"

"आत्ताच एक छोटं भूत आलं होतं. सुंदर लाल काठ होता त्याला. कुणाबरोबर आलीस म्हटलं, तर बोलेना. मग मला खाली वाकायला लावलं आणि कानात सांगितलं, अगदी हळू, गुपित असल्यासारखं: टाय. मला वाटलं, आई तिथे कामाला असेल. म्हणून हाताला धरून कोपऱ्यावरच्या टायकडे पोचवून आले."

उर्जाने कुंडीवरून उडी मारली. आल्झो, म्हणजे तशी पूर्ण उडी नव्हती ती; अर्धी उडी, अर्धी घसरण. टोपी तिथेच पडली. मागोमाग फ्रीडा पळाली, फ्रीडामागे सगळे, आणि सगळ्यांत शेवटी खाऊच्या भांड्यासकट बेंडर आजी.

कोपऱ्यावरच्या त्या छोट्याशा थाई खानावळीत काउंटरशेजारच्या उंच स्टुलावर लाल काठाचं भूत बसलं होतं. डोक्यावरचं धोतर मागे सरकलं होतं, पाय लोंबत होते, एका हातात स्प्रिंग रोल होता. डोळे रडून लाल झाले होते, पण स्प्रिंग रोलवर काही परिणाम दिसत नव्हता. समोर मालकीणबाई हतबल होऊन उभ्या.

"मी तिला सांगितलं, मी टाय आहे," त्या उर्जाला म्हणाल्या. "तर माझ्याकडे नीट बघून म्हणते, नाही, तू खूप म्हातारी आहेस."

जेवणारी सगळी मंडळी हसत होती. उर्जाला हसू आणि रडू एकदम आलं. तिने ओवीला स्टुलासकट मिठी मारली. "ही माझी बहीण आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आणि तिची ताई मी आहे. टाय नाही. ताई. म्हणजे मोठी बहीण."

"ता-ई," बेंडर आजींनी म्हणून पाहिलं. मालकीणबाईंनी म्हणून पाहिलं. दाराशी उभ्या त्या पोरानेही तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, आणि उर्जाने बघितल्यावर तो मेनूकार्ड वाचायला लागला.

तेवढ्यात फोन वाजला. आई.

"काय गं, फोन केला होतास?"

खोटं बोलायला दोन सेकंद होते. उर्जाने ते जाऊ दिले. "आई, मी हात सोडला. ओवी हरवली होती. सापडली. आम्ही कोपऱ्यावरच्या थाईवाल्यांकडे आहोत. ती ठीक आहे. खातेय."

पलीकडून आधी आईचा श्वास ऐकू आला.

"आत्ता हात धरलायस?"

"हो."

"घट्ट?"

"हो."

"मग अजून वीस मिनिटं आहेत. पलीकडची बाजू उरकून या. बाकीचं घरी बोलू." आणि जरा थांबून, "खरं सांगितलंस ते बरं केलंस."

सगळी वरात बाहेर पडली. बेंडर आजींनी दोघींच्या पिशव्यांत भांडं रिकामं केलं. फ्रीडाने कुठूनतरी टोपी आणून दिली, पण उर्जाने ती डोक्यावर न घालता काखेत मारली, कारण टोपी सांभाळायला एक हात लागतो.

दहा पावलं गेल्यावर ओवी थांबली. तिने बोटाने खूण करून उर्जाला खाली वाकायला लावलं, आणि तिच्या कानाला तोंड लावून, अगदी हळू विचारलं, "आता म्हणू का?"

उर्जाला आधी कळलंच नाही. मग कळलं. म्हणजे इतका वेळ, एकटी, रडत असतानासुद्धा, ही मुलगी आपला शब्द पाळत होती.

"म्हण," उर्जा म्हणाली.

"किती जोरात?"

"तुला पाहिजे तेवढ्या."

ओवीने छाती भरून श्वास घेतला. समोरचा कुत्रा भुंकायला लागला, वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली, आणि ज्या घराची बेल त्यांनी अजून वाजवलीही नव्हती, त्या घरातला माणूस चॉकलेटांची टोपली घेऊन धावत बाहेर आला.