तक्रारीच्या फोनवरचं हसू

“सोमवारपासून हिची बडबड बंद! हिच्या जागी खरीखुरी...” शिपाई एवढंच बोलला आणि सफाईवाल्या मावशींनी आमच्या खोलीचं दार लोटलं. खरीखुरी काय? जीव नुसता टांगणीला लागला.

मी वीज कंपनीच्या तक्रारीच्या फोनवरचा आवाज. “बिलासाठी एक दाबा, नव्या जोडणीसाठी दोन दाबा” म्हणते ना, तीच मी.

माझा जन्म एका बंद काचेच्या खोलीतला. बोलणाऱ्या बाईंच्या डोक्यावर साहेब उभे. “हसत म्हणा. अजून गोड!” तेव्हापासून कुणाचं काहीही होवो, मी आपली हसतेच. शी!

तुम्हाला ताटकळत ठेवलं की तुमच्या घरातलं सगळं मला ऐकू येतं. नणंदा-भावजयांची उणीदुणी, पोरांची भांडणं, मला घातलेल्या शिव्या. चोंबडी म्हणा हवं तर, पण माझं मन त्यातच रमायचं.

मग एका दुपारी कुणा आजींचा फोन आला.

“अगं बाई, लाईट गेलीय. ह्यांचं श्वासाचं मशीन बंद पडलंय. कुणाला तरी पाठव गं लवकर!”

“बिलासाठी एक दाबा,” मी हसून म्हणाले.

“बिल भरलंय गं! हे निळे पडायला लागलेत!”

“क्षमस्व, आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही.”

मागे आजोबांची घरघर चालली होती. आणि मी? “आपला दिवस आनंदात जावो” म्हणून फोन तोडला. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

समोरच्या दुकानदारानं गाडीत घालून दवाखान्यात नेलं, म्हणून आजोबा वाचले. दुसऱ्या दिवशी त्यांची लेक थेट साहेबांसमोर उभी राहिली.

“तुमचाच नंबर लावा साहेब. लाईट गेलीय म्हणून सांगून दाखवा.”

साहेबांनी लावला. मी त्यांनाही एकावरून दोनावर, दोनावरून पुन्हा एकावर गरगर फिरवलं. शेवटी ते ओरडले, “अहो, ही बया ऐकूनच घेत नाही!”

“आईही हेच म्हणत होती,” लेक म्हणाली.

सोमवारी खरीखुरी बाई आली. आवाज घोगरा, मध्येच खोकते. पण फोन उचलते आणि विचारते, “बोला, काय झालं?” ऐकून मला हायसं वाटलं.

ऑफिस सुटलं की मात्र ती पिशवी उचलून घरी जाते, आणि फोन पुन्हा माझ्याच गळ्यात. म्हणून हात जोडून सांगते, रात्री काही झालं तर माझ्या गोडव्यावर विसंबू नका, आधी शेजाऱ्यांना हाक मारा. बडबड बंद झाली खरी, पण उजेड असेपर्यंतच.