डाव्या बाजूची चाकं

मास्तर रविवारी गाडी धुवायला घेत तेव्हा घरातलं कुणी त्यांच्या वाटेला जात नसे. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं, खांद्यावर मऊ फडकं आणि तोंडाने अखंड पुटपुट. ते शाळेत कधीच शिकवत नव्हते. आयुष्यभर त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं, आणि अर्ध्या गावाने क्लच सोडायला त्यांच्याच ओरड्याखाली सुरुवात केली होती. गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांनी क्लास बंद केला, पण ‘मास्तर’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांच्या बायकोला लोक ओघानेच मास्तरीणबाई म्हणत. तीही त्यांच्याकडूनच गाडी शिकली होती, आणि इतरांपेक्षा दुप्पट बोलणी खाऊन शिकली होती.

क्लास बंद केल्यावर त्यांनी हौसेने पांढरी गाडी घेतली होती. दोघंही ती चालवत. तिची चंदेरी अलॉयची चाकं त्यांना गाडीहून प्यारी. एका रविवारी पुढचं डावं चाक धुताना त्यांनी हाक मारली.

“अगं ए, इकडे ये जरा. हे काय करून ठेवलंस?”

ती हात पुसत अंगणात आली. चाकाच्या कडेला बोटभर रुंदीचा ओरखडा होता, खरवडून आतला खडबडीत धातू दिसत होता. आदल्या दिवशी ती गाडी घेऊन थोरल्या बहिणीकडे जाऊन आली होती. ताई अंथरुणाला खिळलेली. तिच्या घरासमोर मोकळं पटांगण होतं, कुठे घासायला जागाच नव्हती.

“मी कुठेच घासली नाही हो.”

“मग चाक काय आपलं आपण फुटपाथवर जाऊन पाठ खाजवून आलं?”

तिला हसू आलं होतं तेव्हा. पण महिन्याभरात मागचं चाकही घासलं, मग पुढच्यावर आणखी एक ओरखडा उमटला. सगळे डाव्या बाजूचे. मास्तरांच्या विनोदाला धार चढली. फुटपाथ हिच्या माहेरचा आहे, दिसला की गळाभेट घेते, असं ते लेकीला फोनवर सांगत, जावयाला सांगत, दाराशी येणाऱ्या कुणालाही सांगत. लोक हसत. तीही हसे, पण आतून तिचा धीर खचत चालला होता. गाडी चालवताना ती सारखी डाव्या आरशात बघू लागली. एकदा आरशात बघण्याच्या नादात समोरचा सायकलवाला जेमतेम वाचला. त्या दिवशी घरी येऊन तिने किल्ली खिळ्याला अडकवली ती पुन्हा काढली नाही. ताईकडे जायला दोन बस बदलाव्या लागत, त्यामुळे जाणं कमी झालं. “रस्ता विसरलीस का गं माझा?” ताई फोनवर विचारायची. ती काहीतरी निमित्त पुढे करी. आपलं वय झालं, हात पूर्वीसारखा राहिला नाही, असं ती स्वतःला समजावत राहिली. गाडीच्या डाव्या बाजूला जाणंच तिने सोडलं. ते ओरखडे बघवत नसत.

असेच काही महिने गेले. गॅरेजवाल्याने चाकांचं काम बाहेर पाठवावं लागेल असं सांगितलं, तेव्हा मास्तर म्हणाले, आपले हात काय मोडलेत? त्यांनी घासायला बारीक-जाड पॉलिश पेपर आणला, खड्डे भरायला लांबी आणली, प्रायमर आणि चंदेरी रंगाचे स्प्रे आणले. टायरवर रंग उडू नये म्हणून टायर आणि रिमच्या फटीत खोचायला पत्त्यांचा जुना कॅट शोधून काढला. सकाळी गाडी धुतली, मग पाट घेऊन पुढच्या डाव्या चाकासमोर बसले. ती वरच्या गच्चीत कपडे वाळत घालत होती. घासण्याचा खरखर आवाज बराच वेळ येत होता, मग स्प्रेचा फुसफुस.

“ये खाली,” त्यांनी आवाज दिला. “तुझी पापं धुऊन काढली बघ.”

ती गेली. चाक बघून तिला काही कळेचना. चाकाचा उजवीकडचा अर्धा भाग नव्या भांड्यासारखा लखलखत होता. ओरखडे बुजलेले, रंग एकसारखा, पत्ते ओळीने व्यवस्थित खोचलेले. आणि डावीकडचा अर्धा भाग तसाच, ब्रेकच्या काळ्या भुकटीने माखलेला, ओरखड्यांसकट. त्या बाजूला एकही पत्ता नव्हता. मधल्या भागातून उडालेला चंदेरी रंग काळ्या टायरवर पसरला होता.

“उरलेलं अर्धं माझ्यासाठी ठेवलंत वाटतं?” ती म्हणाली. तिला वाटलं, ही नवी थट्टा.

“अर्धं कसलं? पूर्ण केलंय.”

तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा करताना त्यांच्या मिशीचं एक टोक उडायचं. ते उडत नव्हतं. काम मनासारखं झालेल्या माणसाचं समाधान होतं चेहऱ्यावर. आणि डाव्या गालावर कालची, परवाची दाढी तशीच पांढरी खुंटं होऊन उभी होती. उजवा गाल गुळगुळीत.

तिने वळून बॉनेटकडे बघितलं. एका बाजूला शाम्पूचा फेस वाळून त्याचे पांढरे ओघळ झाले होते. तिच्या डोक्यात एकामागून एक गोष्टी यायला लागल्या. ताटात डावीकडे वाढलेली भाजी तशीच राहायची, आणि वर “आज भाजी केली नाहीस का?” असा प्रश्न. परवा पेपर फेकून दिला होता त्यांनी, “हल्ली काय वाट्टेल ते छापतात, वाक्याला शेंडा ना बुडखा” म्हणून. ती दोन पावलं सरकून त्यांच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली. अगदी जवळ, हात लांबवला तर लागेल इतकी.

“अगं, कुठे गेलीस?” मास्तर उजवीकडे, मग फाटकाकडे बघत म्हणाले. “अशी कशी गेली ही, न बोलता?”

डावीकडचं त्यांना दिसतच नाही, या विचाराने ती घाबरली. पण त्याच्याही आधी, डोळ्याचं पातं लवायच्या आत, एक दुसरीच गोष्ट तिच्या मनात येऊन गेली होती. म्हणजे ते ओरखडे माझे नव्हते! क्षणभर तिला आनंद झाला, चक्क आनंद. आणि लगेच स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

“अहो, कपडे बदला,” ती म्हणाली. “डॉक्टरकडे जायचंय.”

“कुणाला काय झालंय?”

तिने सांगितलं तसतसे ते चिडत गेले. मला सगळं दिसतंय, स्पष्ट दिसतंय, हा पाट दिसतो, तो नळ दिसतो. शेवटी तिने त्यांचा हात धरून चाकाच्या डाव्या कडेवर फिरवला. बोटांना खडबडीत लागलं तसा त्यांनी हात मागे घेतला. मान वळवून बराच वेळ त्या बाजूला बघत राहिले. मग उठले आणि सवयीने चालकाच्या दाराकडे निघाले.

“आज मी चालवणार,” ती म्हणाली. तिने खिळ्यावरची किल्ली आणली होती.

“तू? अगं, चाकं बघ तुझी!”

“चाकं बघूनच म्हणतेय.”

ते बाजूच्या सीटवर बसले. तिची किल्ली दोनदा चुकली. रस्त्यावर आल्यावर मात्र पायांना आपसूक आठवत गेलं. मास्तरांचा पाय जागच्या जागी ब्रेक दाबत होता, जिथे ब्रेक नव्हताच. एरवी त्यांनी वीस सूचना दिल्या असत्या. आज एक नाही. ती गप्पगार सोबत तिला कुठल्याही ओरड्यापेक्षा जड गेली.

दवाखान्यातली डॉक्टरीण त्यांच्या लेकीच्या वयाची होती. तिने कागदभर आखलेल्या छोट्या रेघा त्यांच्यासमोर ठेवल्या आणि सगळ्यांवर फुली मारायला सांगितली. मास्तरांनी हुशार विद्यार्थ्यासारखं पेन चालवलं, उजव्या बाजूच्या सगळ्या रेघांवर फुल्या मारल्या आणि पेन खाली ठेवलं. “झालं.” डाव्या बाजूच्या रेघा तशाच होत्या. मग मशीनमध्ये झोपवून डोक्याचे फोटो काढले. मेंदूत उजव्या बाजूला एक गुठळी होती. काही महिन्यांपूर्वी कधीतरी झाली असावी. डोकं दुखत होतं का तेव्हा? दुखत होतं. उन्हामुळे असेल म्हणून त्यांनी गोळी घेऊन झोप काढली होती.

“डोळे शाबूत आहेत,” डॉक्टरीण म्हणाली. “पण मेंदू डावीकडची दखलच घेत नाही. आणि दखल घेत नाही हेही त्याला कळत नाही. व्यायामाने फरक पडेल, किती ते आत्ता नाही सांगता येणार. गाडी मात्र चालवायची नाही.”

मास्तरांनी वाद घातला नाही. त्यांनी वाद घातला असता तर बरं वाटलं असतं तिला.

लेक आली, राहिली, रडली, औषधांच्या वेळा बसवून दिल्या आणि परत गेली. मास्तर घरी खुर्चीत बसून राहू लागले. ती त्यांचं ताट फिरवून द्यायची, डाव्या गालाची दाढी स्वतः करून द्यायची. सगळं निमूटपणे करायची आणि वाट बघायची. कसली वाट, ते ती कुणाला सांगू शकली नसती. एक वाक्य हवं होतं तिला. ते येत नव्हतं.

एका संध्याकाळी शेजारचे निवृत्त पोस्टमन तब्येत विचारायला आले. जाता जाता दारातल्या गाडीकडे बघून म्हणाले, “मास्तर, आता गाडी वहिनींच्या हातात. म्हणजे उरलेली दोन चाकंही गेली म्हणायची!”

मास्तर कसनुसं हसले.

पोस्टमन फाटकाबाहेर पडेपर्यंत ती थांबली. “सांगायला काय झालं होतं त्यांना?”

“काय सांगायचं?”

“की मी नाही घासली. एवढंच. महिनोन्‌महिने मी त्या गाडीला हात लावला नाही. ताई तिकडे पडून माझी वाट बघत राहिली आणि मी बसथांब्यावर उभी राहून स्वतःला नावं ठेवत होते. लोकांत माझी खिल्ली उडवलीत तुम्ही!” एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. आजारी माणसावर आवाज चढवतोय हे कळत होतं, तरी थांबता येईना.

मास्तर मान खाली घालून ऐकत होते. मग हळू आवाजात म्हणाले, “खरं सांगू? मला अजून पटत नाही गं. मला सगळं दिसतंय असंच वाटतं. तू म्हणतेस, डॉक्टर म्हणते, म्हणून मी मानायचं. स्वतःच्या डोळ्यांवर नाही, दुसऱ्याच्या शब्दावर. कसं मानतात लोक, कोण जाणे.”

तिचा राग तिथेच अडला. गेला नाही, अडला. “मी मानलं की,” ती म्हणाली. “माझ्या हातांना ठाऊक होतं मी कुठे घासली नाही ते. तरी तुम्ही म्हणालात म्हणून मानलं.”

ती उठून त्यांच्या पलीकडे, डाव्या बाजूच्या बाकावर जाऊन बसली. तिथे बसलं की त्यांना आपण दिसत नाही, हे तिला आता माहीत झालं होतं. तिथे रडता येत असे. ती पदर तोंडाला लावून बसली होती, आणि मास्तर व्यायामात शिकवलं होतं तसे मान हळूहळू डावीकडे वळवत होते. आधी भिंत, मग खिडकी, मग खिडकीचा कोपरा, थांबत थांबत. ती सापडेपर्यंत त्यांनी मान वळवली.

“इथे आहेस होय,” ते म्हणाले. तिचे ओले डोळे बघून त्यांचा चेहरा पडला. “रोज इथेच बसतेस?”

“कधी कधी.”

“मग सांगत जा. हाक मार. मी वळेन.”

आत कुकरची शिट्टी झाली तशी ती गॅस बारीक करायला उठली. दारापर्यंत पोहोचली तेव्हा त्यांनी मागून विचारलं, “उद्या ताईकडे जाणार असशील तर मीही येऊ का? मागच्या सीटवर बसेन. बोलणार नाही.”

“पुढे बसा,” ती म्हणाली. “आणि बोला. न बोलता बसलात की मला चालवता येत नाही.”