कडू घास

ताट समोर येऊन बराच वेळ झाला होता, पिठल्यावर साय धरली होती, पण बजाबाई भाकरीला हात लावत नव्हत्या. स्मशानातून परतलेली माणसं आंघोळी करून ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून कुणाच्याच पोटात काही नव्हतं. घरधनी गेला की कडू घास आधी त्याच्या बायकोनं घ्यायचा आणि मग बाकीच्यांनी, अशी त्या गल्लीची रीत. म्हणून सगळे खोळंबले होते.

सून राजनंदिनी पुण्याची. कडू म्हणजे कारल्याचं काही असतं का, असं तिनं नवऱ्याला हळूच विचारलं. अभिमन्यूनं नुसती मान हलवली. कडू त्यात काहीच नसतं. माणूस गेलेल्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणून द्यायची, आणि ती घशाखाली उतरत नाही म्हणून तिला कडू म्हणायचं.

बजाबाईंना हे कुणी सांगायला नको होतं. त्या कडक भाकऱ्या करून विकायच्या आणि गल्लीत कुठंही मयत झालं की पहिली टोपली त्यांची जायची. नुसती टोपली ठेवून परत यायच्या नाहीत, समोर ठाण मांडून, दटावून खायला लावायच्या. आज मात्र त्यांनाच गिळवत नव्हतं.

त्याला कारण कालचं भांडण. बजाबाईंचं मनगट सुजायला लागल्यापासून पीठ मळायचं काम त्यांच्या नवऱ्याकडे, मानसिंगांकडे आलं होतं. चादरीच्या कारखान्यात उभी हयात घालवलेला माणूस, परातीपुढे अशा ऐटीत बसायचा की जणू अजून मुकादमच आहे. मिठाचा अंदाज तेवढा शेवटपर्यंत आला नाही. काल सगळ्या भाकऱ्या खारट निघाल्या तेव्हा बजाबाई भडकल्या, गिऱ्हाइकं तोडाल म्हणाल्या आणि रात्रीचं ताटही न बोलता वाढलं. पहाटे हाक मारली तर माणूस थंड पडलेला. समजूत काढायची राहून गेली.

शेजारची चंद्रव्वा पुढे सरकली. ताट तिनंच आणलं होतं.

"अक्का, एक घास घ्या की. पोरं उपाशी हायत."

"माज्या नरड्याखाली उतरत न्हाय गं."

"दुसऱ्याला तुमीच सांगता की, गिळलं की उठता येतंय म्हनून."

बजाबाईंनी एक तुकडा मोडला, पिठल्यात न बुडवताच तोंडात टाकला आणि चावता चावता थांबल्या. भाकरी खारट होती.

त्यांनी वर पाहिलं. चंद्रव्वा ओशाळली.

"काल सांजच्याला तुमच्याच दारातनं नेलत्या. गल्लीत दुसरं कोन करतंय भाकरी? तुमचंच तुमाला आनलं, चुकलं माजं."

बजाबाईंनी दुसरा तुकडा मोडला, मग तिसरा. सकाळपासून अडून बसलेलं रडू आता फुटलं आणि त्या रडत रडत खात राहिल्या.

"ह्यांच्या हातचं हाय," त्या म्हणाल्या. "ह्यांनी मळल्यालं."

मग ओट्यावर ताटं गेली. भाकरी खारट आहे, असं कुणी म्हणालं नाही.

जेवणं उरकल्यावर टोपलीत एक भाकरी उरली. कडू घासाचं उरलंसुरलं घरात ठेवत नाहीत, असं कुणीतरी सांगितल्यावरून राजनंदिनी ती गाईला द्यायला निघाली. बजाबाईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली, कोरड्या फडक्यात गुंडाळली आणि फळीवरच्या एका रिकाम्या डब्यात ठेवली. कडक भाकरी चांगली महिनोन् महिने टिकते. पण सुजल्या मनगटानं त्यांना झाकण दाबता येईना.

रीत चंद्रव्वालाही ठाऊक होती. ती उठली आणि तिनं डब्याचं झाकण घट्ट लावून दिलं.