चौदा नंबरची ओळ

नजीब परकार अकरा वर्षं मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यात मेकॅनिक होता. मासळीसाठी बर्फाच्या लाद्या पाडायच्या आणि कॉम्प्रेसरचा सूर जरा बदलला की पाना घेऊन धावायचं, हे त्याचं काम. एजंटने बहारीनचा व्हिसा दिला तेव्हा "कोल्ड स्टोरेज आहे" एवढंच सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्याला मनामातल्या एका प्रचंड शेडमध्ये नेऊन उभं केलं. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत जमिनीवर मैदानभर बर्फ पसरलेला होता. पायांत पाती लावलेली माणसं त्यावरून सुसाट पळत होती. त्याने बायकोला, रशीदाला, पहिल्याच पत्रात लिहिलं, "इथे बर्फ विकीत नाहीत. त्याच्यावर नाचतात."

या गोष्टीला बारा वर्षं झाली होती. दरम्यान फॅमिली व्हिसा झाला, रशीदा आली, सनाबिसला दोन खोल्या मिळाल्या. मुलगा झैद आला तेव्हा सहा वर्षांचा होता. शाळेची बस त्याला दुपारी रिंकच्या, म्हणजे त्या बर्फाच्या मैदानाच्या, दाराशीच सोडायची, कारण बापाची शिफ्ट संध्याकाळी सुटायची. इतर पोरं गल्लीत फुटबॉल खेळली. झैद बर्फावर वाढला. सतराव्या वर्षी तो आइस हॉकीत डिफेन्सला खेळत होता, म्हणजे पक नावाची रबरी चकती आपल्या गोलपर्यंत पोचू न देणं हे त्याचं काम. शाळेत, मित्रांत आणि घरातही तो इंग्लिशच बोलायचा. आई कोकणीमिश्रित मराठीत ओरडायची, तो इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचा, आणि दोघांचं व्यवस्थित चालायचं.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात रिंकच्या मालकाने पगारी संघ उभा करायचं ठरवलं. कॅनडा आणि फिनलंडहून खेळाडू आणले. शिवाय इथेच वाढलेल्या दोन तरुण पोरांना पगारावर घ्यायचं ठरलं. दोन जागांसाठी अकरा पोरं. सीझन ऑक्टोबरात सुरू होणार होता. त्याआधी सप्टेंबरातल्या तीन शुक्रवारी जुम्म्यानंतर तीन सराव सामने, आणि त्यांतून निवड. अकरांत चौदा नंबरची जर्सी झैदची होती.

कोच हार्वी नावाचा साठीचा कॅनडियन माणूस होता. दर मिनिटाला खेळाडू बदलायचे, ओरडायचं, पंचाशी भांडायचं, या धांदलीत त्याला लांबचा कोपरा नीट दिसत नसे. पहिल्या सामन्याच्या आदल्या सकाळी तो आत आला, तर नजीब बर्फ घासायची गाडी सुरू न करता बर्फाकडे बघत उभा होता.

"काय बघतोस?" हार्वीने इंग्लिशमध्ये विचारलं.

नजीब आपल्या मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाला, "सर, नंबर नाइन. फक्त डाव्या पायावर थांबतो. बघा, इथे सगळे ओरखडे एकाच बाजूचे."

हार्वी वाकून बघत राहिला. मग ऑफिसात जाऊन एक वही घेऊन आला आणि नजीबच्या हातात ठेवली. "ही गाडी बर्फावर येते त्या दाराशी तू बसतोस. तिथून कोपरा दिसतो. अकरा पोरांबद्दल जे दिसेल ते लिही. तुझ्या भाषेत लिही, ऑफिसातला राजन टाइप करून देईल."

"सर, त्यात माझा मुलगा आहे."

"ठाऊक आहे," हार्वी म्हणाला. "म्हणून तर तुला बर्फावरचं एवढं कळतं. दिसेल ते लिही."

राजन टिपणीस पुण्याचा. रिंकच्या ऑफिसात अकाउंटंट होता. शनिवारी सकाळी वही उघडून तो टाइपरायटरसमोर बसला आणि वाचताना त्याला मजा वाटू लागली. नजीबने लिहिलं होतं: "नंबर ९ : वेगात पहिला, पण उजवीकडे वळायची वेळ आली की पक दुसऱ्याला देतो आणि तेच चांगलं असं दाखवतो." "नंबर ३ : पडला की आधी आपल्या बापाकडे बघतो, मग उठतो." "नंबर २१ : हिद्दचा इलियास. चुकला तर दुसऱ्यावर ओरडत नाही. तीन वेळा चुकला, चौथ्या वेळी तीच गोष्ट बरोबर केली."

"नजीबभाई, तुम्ही लेखक व्हायला हवं होतं," राजन म्हणाला. मग खालच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. "आणि हे काय? नंबर चौदा : ठीक. बस्स?"

"ठीकच खेळला."

"नऊ नंबरला सहा ओळी आणि स्वतःच्या पोराला एक शब्द?"

नजीबने नजर चुकवली. "टिपणीससाहेब, बापाने काय लिहायचा? चांगला लिहिला तर लोक म्हणतील, पोराला पुढे ढकलतोय. एवढ्या विश्वासाने वही दिली माणसाने. त्या विश्वासाला डाग नको."

राजनला ते पटलं नाही. पण दुसऱ्याच्या घरात किती शिरायचं, म्हणून त्याने कागद टाइपरायटरमध्ये सरकवला. त्याने इंग्लिशमध्ये टाइप केलं, "१४ : ओके."

दुसऱ्या शुक्रवारी इलियासने दोन गोल केले. सामन्याच्या तीन भागांतल्या शेवटच्या भागात नऊ नंबर पक घेऊन एकटाच सुटला. पुढे फक्त झैद होता. दुसरा कोणी असता तर अंगावर धावून गेला असता. झैद गेला नाही. तो उलटा सरकत मागे आला, गोलची वाट अंगाने अडवत, त्याला हळूहळू कडेच्या फळीकडे नेत राहिला. आणि जागा संपल्यावर नुसती स्टिक पुढे करून पक काढून घेतला. ना धडक, ना आरडाओरडा. प्रेक्षकांत कोणी टाळी वाजवली नाही, कारण तिथे काही घडलं असं कोणाला वाटलंच नाही.

नजीबने सगळं पाहिलं होतं. पेन वहीवर टेकलं, आणि तिथेच थबकलं. मग त्याने लिहिलं, "नंबर १४ : ठीक."

रविवारी दुपारी चार पोरांना वगळलं. हार्वी एकेकाला केबिनमध्ये बोलावून, समोर कागद ठेवून स्वतः सांगत होता. झैद आत गेला आणि तीन मिनिटांत बाहेर आला. गाडीच्या दाराशी बाप उभा होता. त्याच्यासमोरून तो बॅग खांद्यावर टाकून सरळ निघून गेला.

नजीब घरी पोचला तेव्हा रशीदा दारातच होती. "पोराला काय झाला? जेवला नाय, बोलत नाय. तुमच्या त्या बर्फावर काय झाला आज?"

"नाव गेला त्याचा."

"मग जाऊ दे की. खेळच तो. पण असा तोंड पाडून बसण्यासारखा काय हाय त्यात?"

झैद खिडकीशी बसला होता. नजीबने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तसा तो हात त्याने हळूच बाजूला केला आणि इंग्लिशमध्ये म्हणाला, "वगळलं त्याचं काही नाही. मी तुमचा कागद वाचला. कोचच्या टेबलावर होता."

नजीब समोरच्या खुर्चीवर बसला.

"सगळ्यांबद्दल एवढं लिहिलंय. इलियास, नऊ नंबर, तो रडका तीन नंबरसुद्धा." आणि मग, क्वचितच करायचा तसं, तो मराठीत बोलला. "अब्बा, तुम्ही दहा वर्षं मला बघताय. आणि मी नुसता ओके?"

रशीदाने नवऱ्याकडे पाहिलं. तिला वही-कागदाचं काही ठाऊक नव्हतं, पण प्रश्न कळला. "बोला की," ती म्हणाली. "पोर विचारतोय."

"लोक काय म्हणतील, या भीतीने नाय लिहिला," नजीब म्हणाला. हे मोठ्याने बोलल्यावर त्याला ते किती लहान वाटलं. इतके दिवस तो त्याला इमानदारी समजत होता.

सोमवारी सकाळी तो राजनकडे गेला. "टिपणीससाहेब, माझ्याबरोबर साहेबाकडे चला. माझा इंग्लिश अर्ध्यात तुटतो. आज तुटायला नको."

"पोराला परत घ्या म्हणून सांगायचंय?"

"नाय. ते मागायचा नाय मला. मी खोटा लिहिला, तेवढा सांगायचाय."

हार्वी कॉफी पीत होता. नजीब उभ्यानेच बोलला आणि राजन वाक्यावाक्याला इंग्लिश करत गेला. "साहेब, दहा पोरांबद्दल मी डोळ्यांनी पाहून लिहिलं. अकराव्याबद्दल भीतीने लिहिलं. त्याला घ्या असं मी म्हणत नाही. त्याच्यापुरता माझा कागद फाडून टाका आणि तुम्ही स्वतः बघा. मग नको वाटला तर नको."

हार्वीने कप खाली ठेवला. राजनला वाटलं, आता वही काढून घेणार, आणि कदाचित आणखीही काही. पण म्हातारा म्हणाला, "चूक माझी आहे. बापाच्या हातात पोराचं मूल्यमापन दिलं आणि वर विसरून गेलो." मग नजीबकडे बोट करून म्हणाला, "शुक्रवारी त्याला एक भाग खेळवतो. मी तुझ्या जागी कोपऱ्यात बसेन. तूही लिहायचं. पण या वेळी सगळं. चांगलं तेवढंच लिहिलंस तर तोही कागद फाडीन."

तिसऱ्या शुक्रवारी झैद दुसऱ्या भागात उतरला. हार्वी गाडीच्या दाराशी उलट्या बादलीवर बसला होता आणि शेजारी नजीब, मांडीवर वही. वीस मिनिटं दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

नजीबने पान भरलं. पोरगा उलटा सरकताना कसा तोल सांभाळतो, धडकेऐवजी जागा कशी संपवतो, सोबत्याला ओरडून न सांगता स्टिकने कसं दाखवतो, हे त्याने लिहिलं. गेल्या शुक्रवारची नऊ नंबरची गोष्टही लिहिली. मग पेन जड झालं. दोन वर्षांपूर्वी धडकेत झैदच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून उजवीकडून कोणी अंगावर आलं की तो ऐन वेळी मान फिरवतो आणि त्या क्षणी पक त्याच्या नजरेतून सुटतो. आजही दोनदा सुटला होता, आणि एकदा त्यातून गोल झाला होता. लांबून पाहणाऱ्याला तो साधा उशीर वाटला असता. नजीबने तेही लिहिलं, एक शब्द न गाळता.

भाग संपला. हार्वीने वही मागितली. मराठी त्याला वाचता येत नव्हतं; त्याने नुसतं भरलेलं पान पाहिलं आणि विचारलं, "उजवी बाजू लिहिलीस?"

"लिहिली, सर."

"मग आपल्याला सारखंच दिसलं," हार्वी म्हणाला.

त्या वर्षी झैदची निवड झाली नाही. इलियासला आणि जनाबियात राहणाऱ्या एका कॅनडियन मुलाला घेतलं. हार्वीने झैदला बोलावून कारण सरळ सांगितलं आणि राजनने टाइप केलेलं ते पान त्याच्या हातात दिलं.

घरी जाताना झैदने पिकअपमध्ये ते पान वाचलं. एकदा वाचलं, सिग्नलला थांबल्यावर पुन्हा वाचलं. नजीब समोर बघत गाडी चालवत होता.

"हे उजव्या बाजूचं," झैदने इंग्लिशमध्ये विचारलं, "कधीपासून दिसतंय तुम्हाला?"

"दोन वर्षां."

"मग सांगितलं का नाही?"

"वाटला, दुखणा हाय, आपसूक जाईल. आणि तुला वाईट वाटेल."

झैद पुन्हा त्या ओळीकडे बघत म्हणाला, "मला वाटत होतं मी नुसता स्लो आहे. स्लो असण्याला काही इलाज नसतो." त्याने पान नीट घडी करून शर्टच्या खिशात घातलं. "ह्याला असेल ना?"

"इंशाल्ला असेल," नजीब म्हणाला. "उद्या सकाळी शाळेआधी ये. बघू."

दुसऱ्या दिवशी पहाटेची नमाज झाल्यावर बापलेक रिंकवर पोचले. नजीबने इथे बारा वर्षं बर्फ बनवला होता, पण स्केट्स पायांत कधी घातले नव्हते. रबरी बूट घालून, अंगावर दोन जुन्या गाद्या दोरीने बांधून तो बर्फावर उभा राहिला आणि घसरत घसरत मुलाच्या उजव्या बाजूने चालून गेला. "माझ्याकडे बघू नको! पकाकडे बघ!" तो ओरडला, आणि धडक व्हायच्या आधीच स्वतः पाठीवर आपटला. झैद स्टिक टाकून धावला. बाप गाद्यांत अडकून उठायची धडपड करतोय हे पाहून त्याला हसू आवरेना.

"यल्ला, चल, उठव आता," नजीब म्हणाला. "आणि मान फिरवलीस तू. पाहिला मी, पडता पडता."

हे पुढे बारा महिने चाललं. रशीदा रोज गरम तेल घेऊन बसायची, पोराच्या खांद्यासाठी आणि नवऱ्याच्या कमरेसाठी, आणि दोघांना सारख्याच शिव्या घालायची. पुढच्या सप्टेंबरात झैद पुन्हा उतरला आणि त्या वेळी त्याला घेतलं. सीझनभर त्याने एकही गोल केला नाही. शेवटच्या सामन्यात मात्र उजवीकडून समोरच्या संघातला एक आडदांड फिनलंडवाला त्याच्यावर चालून आला, तेव्हा झैदने मान न फिरवता, शांतपणे, स्टिक पुढे करून पक काढून घेतला.

या वेळीही प्रेक्षक गप्प होते. फक्त गाडीच्या दाराशी एक माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि लोक वळून बघत होते तरी थांबत नव्हता.